घरगुती रेडिओवर मध्यम लहरींचे ग्रहण कसे सुधारावे
(पांढुर्णा व सौंसर भागातील श्रोत्यांसाठी)

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी वसलेला पांढुर्णा-सौंसर हा भाग राज्यकारभाराच्या दृष्टीने मध्य प्रदेशात मोडतो. पण भाषा, बाजारपेठ आणि सोयरसंबंध या तिन्ही बाबतींत त्याचे तोंड नागपूरकडे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा, तोपर्यंत नागपूर ही राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशातून विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये सौंसर व पांढुर्णा या तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. येथील कचेरीचा व्यवहार हिंदीतून चालतो आणि घरात मराठी बोलली जाते. अशा भागात १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालेल्या आकाशवाणीच्या नागपूर केंद्राला एक वेगळेच महत्त्व आहे. राज्याची सीमा कागदावर असते. मध्यम लहरीला ती ठाऊक नसते.

शेतीविषयक माहिती नभोवाणीद्वारे खेड्यापर्यंत पोहोचते व तेथे रुजते, हे १९५६ मध्ये पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या साहाय्याने झालेल्या ग्रामीण श्रोतृमंडळांच्या प्रयोगाने दाखवून दिले होते. परंतु त्यासाठी प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू आला पाहिजे. संत्र्यावरील किडीसाठी फवारणीचे प्रमाण सांगितले जात असता ‘दोन मिलिलिटर’ की ‘दहा मिलिलिटर’ हे खरखरीत कळले नाही, तर तो कार्यक्रम न ऐकलेला बरा. आंबिया बहाराची फळे झाडावर असताना वादळी पावसाची सूचना अर्धवट ऐकू आली, तरी तीच गत होते.

या भागातील पुष्कळ श्रोत्यांची तक्रार अशी, की पूर्वी स्वच्छ लागणारे नागपूर केंद्र आता नीट लागत नाही. यावर नवा संच घेणे किंवा छपरावर उंच तार बांधणे हा उपाय सर्वसाधारणपणे केला जातो, व त्याचा फारसा उपयोग होत नाही. कारण रोगाचे निदानच चुकलेले असते. वीज गेली की तोच संच सेलवर खणखणीत वाजू लागतो, हा अनुभव बहुतेकांना असतो. पण त्याचा अर्थ क्वचितच लक्षात घेतला जातो. या भागात नागपूरचा संदेश दुबळा नाही. त्याच्याभोवतीचा गोंगाट वाढलेला आहे. ग्रहण सुधारणे म्हणजे येथे मुख्यतः गोंगाट कमी करणे होय. प्रस्तुत लेखात त्याच क्रमाने विवेचन केले आहे.

लहर आणि खरखर

नागपूर ‘अ’ केंद्राची मध्यम लहर ५८५ किलोहर्ट्झ, म्हणजे सुमारे ५१२.८ मीटर लांबीची; तिच्यासाठी ३०० किलोवॅट क्षमतेच्या प्रक्षेपकाची नोंद आहे. नागपूरपासून पांढुर्णा सरळ रेषेत सुमारे ७५ किलोमीटर व सौंसर सुमारे ६५ किलोमीटर अंतरावर आहे. एवढ्या शक्तीच्या प्रक्षेपकाला हे अंतर फार नव्हे. मध्यम लहर दिवसा जमिनीला धरून चालते. ती टेकडीवरून वाकून पलीकडे उतरते, आणि ओलावा धरणाऱ्या काळ्या जमिनीवरून ती खडकाळ माळापेक्षा कमी क्षीण होते. एफ.एम. लहरीचे तसे नाही. ती जवळजवळ दृष्टीच्या रेषेत जाते. त्यामुळे नागपूरचे एफ.एम. येथे पोहोचता पोहोचता दुबळे होते, आणि छिंदवाड्याचे पठार व आपण यांच्यामध्ये घाटाची भिंत उभी आहे. मध्यम लहर या भागासाठी सोयीची का, याचे उत्तर भूगोलातच आहे.

मात्र मध्यम लहरीवरील ए.एम. पद्धतीत एक अंगभूत दोष आहे. या पद्धतीत वाहक लहरीची उंची, म्हणजे शास्त्रीय भाषेत तिचा परमप्रसर, बोलण्याच्या आवाजाप्रमाणे कमीजास्त केली जाते व संच त्या चढउतारावरून मूळ आवाज परत मिळवितो. विजेची ठिणगी उडाली की तीही लहरीच उत्पन्न करते आणि त्या मूळ लहरीच्या उंचीत मिसळतात. संचाला हा चढउतार निवेदकाचा आणि तो ठिणगीचा, असा भेद करता येत नाही. एफ.एम. मध्ये उंचीतील चढउतार संच कापून टाकतो, म्हणून तेथे खरखर कमी. ए.एम. मध्ये ती कापण्याची सोय नसल्याने ती उगमापाशीच थांबविली पाहिजे किंवा संच तिच्यापासून वळविला पाहिजे. आवाज मोठा करण्याने लाभ नाही. त्याने कार्यक्रमाबरोबर खरखरही तितकीच वाढते.

आधी निदान, मग उपाय

प्रथम एका गोष्टीची खात्री करावी. अलीकडच्या वर्षांत आकाशवाणीने देशातील अनेक मध्यम लहर प्रक्षेपक बंद केले आहेत, व चालू प्रक्षेपकही देखभालीसाठी काही काळ थांबतात. म्हणून आपण शोधीत असलेले केंद्र त्या वेळी हवेत आहे काय, हे पाहावे. सेलवर चालणारा संच घेऊन गावाबाहेर, विजेच्या तारांपासून शे-दोनशे मीटर दूर, मोकळ्या वावरात भर दुपारी ऐकावे. तेथे केंद्र स्वच्छ लागले, तर प्रक्षेपक व आपला संच दोन्ही निर्दोष आहेत आणि दोष घराच्या परिसरात आहे. तेथेही काही लागले नाही व शेजाऱ्याच्या संचावरही लागले नाही, तर आपल्या संचाला बोल लावू नये. १९८८ मध्ये नागपूरच्या १,००० किलोवॅट प्रक्षेपकावरून १५६६ किलोहर्ट्झवर रात्रीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली होती. ती वाहिनी आता बंद झालेली आहे. त्या जागी तिचा शोध घेत बसणे व्यर्थ होय.

वावरात स्वच्छ आणि घरात अस्पष्ट, असे आढळल्यास दुसरी परीक्षा घरात करावी. संच सेलवर चालू ठेवावा, केंद्र लावावे आणि घराचा मेन स्विच बंद करावा. घरात इन्व्हर्टर असल्यास तोही पूर्ण बंद करावा, कारण मेन बंद होताच तो चालू होतो व स्वतःच गोंगाट करतो. आता खरखर थांबली, तर तिचा उगम आपल्याच घरात आहे. मग मेन चालू करून एकेक दिवा, पंखा, चार्जर यांचे बटण पाच-पाच सेकंदांच्या अंतराने दाबत जावे व एकाने संचाकडे कान देऊन बसावे. हे काम दोघांनी मिळून केल्यास अर्ध्या तासात संपते. घरातील शाळकरी मुले ते मोठ्या आवडीने करतात. मेन बंद करूनही खरखर तशीच राहिली, तर उगम शेजारी किंवा रस्त्यावरील तारांवर आहे असे समजावे.

घरातील उगमस्थाने

पूर्वीचा तारेचा बल्ब रेडिओला त्रास देत नसे. आजचा एल.ई.डी. दिवा, मोबाईलचा चार्जर, सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर, इंटरनेटचे यंत्र या सर्वांच्या पोटात एक लहान मंडल असते. ते वीजप्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते. या चालू-बंद होण्याच्या पटी थेट मध्यम लहरीच्या पट्ट्यात पडतात. चांगल्या बनावटीच्या वस्तूत हा उपद्रव अडविणारे गाळणीमंडल असते. आठवडी बाजारातील स्वस्त दिव्यात व चार्जरमध्ये ते बहुधा गाळलेले असते. म्हणून दहा दिव्यांपैकी एखादाच दिवा सारे घर नासवितो, असे अनेकदा आढळते. तो शोधून बदलला की काम झाले. चार्जर मोबाईल जोडलेला नसतानाही सॉकेटमध्ये चालूच असतो, हे ध्यानात ठेवावे.

पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हा दुसरा अपराधी. त्याचा आवाज सलग ‘घर्र’ असा असतो आणि पंखा पूर्ण वेगावर ठेवला की पुष्कळदा तो कमी होतो. या खुणेवरून तो ओळखता येतो. मिक्सर, शिवणयंत्राची मोटर, हाताचे ड्रिल यांत कार्बन ब्रशच्या ठिणग्या उडतात, पण ती यंत्रे थोडाच वेळ चालतात, म्हणून त्यांची चिंता करण्याचे कारण नाही. विहिरीवरील साध्या मोटरीत ब्रश नसल्याने तिचा त्रास सहसा नसतो. ती चालू असताना खरखर आली तर स्टार्टरमधील संपर्क सैल किंवा जळालेला असण्याचा संभव असतो. तेथे रेडिओपेक्षा मोटरीची काळजी अधिक करावी व वायरमनकडून स्टार्टर तपासून घ्यावा. सौर पंपाचा नियंत्रक मात्र दिवसभर गोंगाट करू शकतो. त्यापासून संच दूर ठेवणे हाच सोपा मार्ग.

जी वस्तू बदलणे शक्य नाही तिच्या तारेवर फेराइटचे कडे बसवून पाहावे. तारेचे आठ-दहा वेढे कड्यातून घेऊन ते वस्तूच्या अगदी जवळ ठेवावे. असे कडे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मोडीच्या सामानातून मिळते. जुना टीव्ही स्वतः उघडू नये. पिक्चर ट्यूबमध्ये बंद असतानाही विद्युतभार साठून राहू शकतो. आणखी एक गोष्ट, संच मेनवर चालविण्यासाठी जो स्वस्त, हलका अडॅप्टर वापरला जातो तोच कित्येकदा खरखरीचे मूळ असतो. जुना, वजनदार, ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर वापरावा. नाहीतर सेल बरे.

घराबाहेरील उगमस्थाने

विजेच्या खांबावरील चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उन्हाळ्यात धूळ बसते. पहिल्या शिडकाव्याने किंवा थंडीतील धुक्याने ती ओली झाली की तिच्यावरून वीज झिरपते व ‘चर्र’ असा सलग आवाज येतो. जोराचा पाऊस पडून इन्सुलेटर धुतले गेले की हा आवाज काही दिवस नाहीसा होतो. तारेला फांदी घासत असेल तर वाऱ्याच्या झोतागणिक आवाज कमीजास्त होतो. अशा वेळी सेलवरील लहान संच हातात घेऊन तारेखालून चालत जावे व खरखर सर्वांत तीव्र कोठे होते ते पाहावे. खांबाला स्पर्श करू नये, तो हलवू नये. खांबाचा क्रमांक टिपून वीज वितरण कार्यालयात लेखी कळवावे. ‘रेडिओ लागत नाही’ असे लिहिण्यापेक्षा ‘अमुक क्रमांकाच्या खांबावर ठिणगी उडत आहे’ असे लिहिल्यास दखल लवकर घेतली जाते, आणि तेच अधिक खरेही असते. झिरपणारा इन्सुलेटर कालांतराने फुटतो व तार खाली येते.

पांढुर्णा शहरातून जाणाऱ्या इटारसी-नागपूर लोहमार्गावर २५,००० व्होल्ट दाबाची तार आहे. इंजिनाच्या छपरावरील पँटोग्राफ या तारेवर घासत जाताना ठिणग्या उडतात. स्टेशनालगतच्या वस्तीत गाडी जाताना होणारा हा आवाज क्षणिक असतो व त्यावर घरगुती उपाय नाही. संच फिरवून तो थोडा दबविता येतो, त्याची रीत पुढे दिली आहे.

रानडुकरांपासून पिकाचे रक्षण करण्यासाठी वावराभोवती लावलेल्या झटका मशीनचा या संदर्भात खास उल्लेख केला पाहिजे. साधारण सेकंदाला एक या ठेक्याने ‘टक्, टक्’ असा आवाज संचात येत असेल, तर तो निःसंशय झटका मशीनचा समजावा. यंत्र निर्दोष असताना हा आवाज फार दूर जात नाही. तारेला ओले गवत टेकले, खुंटीवरील इन्सुलेटर तडकला किंवा तारेची गाठ सैल झाली, की प्रत्येक ठोक्याला तेथे ठिणगी उडते आणि तारेचे सारे कुंपणच एरियलसारखे काम करू लागते. म्हणजे हा आवाज कुंपणाची शक्ती वाया जात असल्याची वर्दीच होय. यंत्र बंद करून तारेखालचे गवत कापले व गाठी घट्ट केल्या तर रेडिओही सुधारतो आणि कुंपणही. शेजाऱ्याला हे याच शब्दांत सांगितल्यास तो ऐकतो, असे वाटते.

संच फिरविण्याची रीत

ट्रान्झिस्टर संचात मध्यम लहरीसाठी बाहेर काढावयाचा दांडा उपयोगी पडत नाही, तो एफ.एम. व लघुलहरीसाठी असतो. मध्यम लहरीचे खरे एरियल संचाच्या आत असते. ती एक काळसर, ठिसूळ फेराइटची कांडी असून तिच्यावर बारीक तारेचे वेटोळे असते, आणि ती बहुधा संचाच्या वरच्या बाजूस, लांबीला समांतर बसविलेली असते. लहरीचा चुंबकीय अंश तिच्या प्रवासाच्या दिशेशी काटकोनात आडवा असतो. म्हणून कांडी केंद्राच्या दिशेला आडवी असली की ग्रहण सर्वाधिक होते व कांडीचे टोक केंद्राकडे रोखलेले असले की ते जवळजवळ शून्य होते.

व्यवहारात याचा अर्थ असा, की संचाचे तोंड किंवा पाठ नागपूरकडे असावी, त्याची कड असू नये. पांढुर्ण्याहून नागपूर जवळजवळ थेट आग्नेयेस आहे. तेव्हा तेथे संचाची लांबी नैऋत्य-ईशान्य अशी ठेवावी. सौंसरहून नागपूर दक्षिणेकडे अधिक झुकलेले, म्हणजे दक्षिण व आग्नेय यांच्या मधोमध येते. तेथे संचाची लांबी पूर्व-पश्चिम रेषेपासून थोडी ईशान्येकडे वळलेली असावी. कोनाड्यात किंवा फळीवर संच भिंतीला समांतर ठेवण्याची आपली सवय असते आणि भिंती दिशांना धरून बांधलेल्या असतात. पांढुर्ण्यात त्यामुळे संच नेहमीच पंचेचाळीस अंशांनी चुकलेला राहतो. फळीवर तिरपा ठेवलेला संच दिसावयास बरा दिसत नाही, पण ऐकावयास बरा लागतो.

या गुणाचा खरा उपयोग मात्र याच्या उलट आहे. कमाल ग्रहणाची जागा पसरट असते. संच वीस-तीस अंश इकडेतिकडे झाला तरी फारसे बिघडत नाही. शून्याची जागा मात्र अत्यंत टोकदार असते. त्यामुळे केंद्र सबळ असताना कांडीचे टोक केंद्रावर नव्हे, तर खरखरीच्या उगमावर रोखावे. नागपूरचा संदेश अर्ध्यावर आला तरी चालेल. खरखर दहाव्या हिश्शावर आली पाहिजे. संच सावकाश फिरवीत खरखर जेथे किमान होते ती जागा शोधावी व खडूने खूण करून ठेवावी. एखादे वेळी संच किंचित कलता केल्यास शून्य आणखी खोल मिळतो. लोहमार्गाचा व वीजतारांचा उपद्रव असलेल्या घरांत हा एकच उपाय सर्वांत गुणकारी ठरतो, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

संच कोठे ठेवावा

मातीच्या भिंती व कवेलूचे छत यांतून मध्यम लहर विनासायास आत येते. टिनाचे छत आणि सळयांच्या जाळीचा सिमेंटचा स्लॅब यांना ती अडते, कारण पाचशे मीटर लांबीच्या लहरीला सळयांमधील वीतभर फट ही फटच नव्हे. नव्या घरांतील तक्रारींचे हे दुसरे कारण आहे. अशा घरात संच खिडकीत किंवा पडवीत ठेवावा. लोखंडी कपाट, फ्रिज, टीव्ही आणि भिंतीतून गेलेली वायरिंग यांपासून तो निदान एक-दीड मीटर दूर असावा. मध्यम लहरीला उंची लागते, हा समज टीव्हीच्या एरियलवरून आलेला दिसतो. वरच्या मजल्यावरील खोलीपेक्षा अंगणातील ओट्यावर पुष्कळदा अधिक स्पष्ट ऐकू येते.

चौकटीचे एरियल

संच जागेवर ठेवूनही संदेश कमी पडत असेल, जसे स्लॅबच्या घरात किंवा दूरच्या केंद्रासाठी, तर लाकडी चौकटीवर गुंडाळलेले एरियल करावे. ते शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठीही उत्तम आहे. साठ सेंटिमीटर लांबी-रुंदीची चौकोनी लाकडी चौकट घ्यावी; धातूची नको. तिच्या चारही कडांवर प्लास्टिक आवरणाच्या साध्या वायरचे बारा ते चौदा वेढे, प्रत्येक वेढ्यात सुमारे सहा मिलिमीटर अंतर राखून, एकाच दिशेने ताणून गुंडाळावेत. यासाठी सुमारे पस्तीस मीटर वायर लागते. वायरची दोन्ही टोके जुन्या संचातून काढलेल्या गँग कंडेन्सरच्या दोन अग्रांना जोडावीत. कंडेन्सरची कमाल धारिता ५०० पिकोफॅरड असल्यास बारा वेढे पुरतात. ३६५ असल्यास चौदा घ्यावेत. दुसरे काहीही जोडावयाचे नाही. यास वीज लागत नाही व सेलही लागत नाहीत.

ही चौकट उभी ठेवावी आणि तिची कड, तिचे तोंड नव्हे, केंद्राकडे रोखावी. संच चौकटीच्या मध्यापाशी असा ठेवावा की त्याची लांबी चौकटीच्या पृष्ठभागाशी काटकोनात येईल. मग संचावर केंद्र लावून कंडेन्सरची खुंटी सावकाश फिरवावी. एका ठिकाणी आवाज एकदम भरून येतो. तेथे चौकट त्या लहरीशी जुळली. संचाच्या कांडीने पकडलेल्या ऊर्जेपेक्षा चौकटीने पकडलेली ऊर्जा कितीतरी अधिक असते व ती तारेवाचून, केवळ सान्निध्याने कांडीत उतरते. कंडेन्सरची पाती पूर्ण आत गेली तरी ५८५ वर आवाज भरून आला नाही, तर एक-दोन वेढे वाढवावेत. चौकटीलाही संचासारखाच शून्याचा गुण असतो. म्हणून दोन्ही एकाच पाटावर ठेवून एकत्र फिरविणे सोयीचे. खरखर घरातलीच असेल तर मात्र चौकट तीही तितक्याच निष्ठेने गोळा करते. आधीची परीक्षा टाळून थेट चौकट करणाऱ्याची निराशा होते ती यामुळे.

बाहेरील तार व अर्थिंग

एरियल व अर्थ यांची अग्रे असलेला जुना व्हॉल्व्हचा संच अजून काही घरांत आहे. त्याला दहा-पंधरा मीटर लांब तांब्याची तार, दोन्ही टोकांना इन्सुलेटर लावून, दोन झाडांमध्ये किंवा बल्ल्यांमध्ये बांधावी. ही तार विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा तुटून पडल्यास त्यांना टेकेल इतक्या जवळून कधीही नेऊ नये. अर्थसाठी दीड-दोन मीटर लांबीची सळई ओलसर जागी ठोकावी. भोवती कोळसा व मीठ घालून उन्हाळ्यात अधूनमधून पाणी द्यावे. विजेच्या बोर्डावरील न्यूट्रल तार अर्थ म्हणून वापरणे प्राणघातक आहे. काही जुन्या ‘एसी-डीसी’ संचांचा धातूचा सांगाडा थेट मेनला जोडलेला असतो. अशा संचाला जाणत्या कारागिराला दाखविल्याशिवाय बाहेरची तार किंवा अर्थ जोडू नये. ट्रान्झिस्टर संचाला अग्र नसते. त्याच्याभोवती, कांडी असेल त्या भागावर, बाहेरील तारेचे चार-पाच वेढे देऊन उरलेले टोक अर्थला जोडले तरी काम भागते.

मृगाच्या सुमारास कडकडाट सुरू झाला की बाहेरची तार संचापासून काढून सरळ अर्थला जोडण्याची सोय खिडकीबाहेरच, दुपाखी स्विच लावून, करून ठेवावी. ढग डोक्यावर आल्यानंतर तारेला हात लावू नये. अशा वेळी सेलवरील ट्रान्झिस्टरच वापरावा. वादळात वीज आणि मोबाईलचे जाळे दोन्ही बंद पडतात तेव्हा हवामानाची सूचना मिळण्याचे ते एकच साधन उरते. संचातील ‘कडाड्’ आवाज दर मिनिटाला वाढू लागले, तर वावरातील माणसांनी घराकडे निघावे.

रात्रीचे ग्रहण

दिवसा आयनांबराचा सर्वांत खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो थर विरतो व लहरी वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर उतरतात. त्यामुळे रात्री इंदूर, जबलपूर, कधी मुंबईही ऐकू येते. पण आवाज चढतो, उतरतो, मध्येच विरतो. हा संचाचा दोष नव्हे. नागपूर जवळ असल्याने त्याची जमिनीवरून येणारी लहर रात्रीही वरचढ राहते. तिच्याखाली दुसरे केंद्र कुजबुजू लागल्यास पुन्हा शून्याची युक्ती करावी. योगायोग असा, की पांढुर्ण्याहून जबलपूर ईशान्येस आहे. त्यामुळे नागपूरसाठी योग्य ठेवलेल्या संचाच्या कांडीचे टोक आपोआप जबलपूरकडे रोखले जाते.

आकड्यांनी केंद्र दाखविणाऱ्या संचांबाबत एक सूचना. १९७५ च्या जिनिव्हा योजनेनुसार आपल्याकडील मध्यम लहरी ९ किलोहर्ट्झच्या अंतराने मांडलेल्या आहेत. म्हणून आपल्या केंद्रांच्या कंप्रतेला ९ ने पूर्ण भाग जातो. ५८५ ला नऊने भागून ६५ येतात, मुंबईच्या १०४४ ला भागून ११६. अमेरिकेत हे अंतर १० किलोहर्ट्झ आहे. बाहेरून आलेला संच त्या मांडणीवर असेल तर तो ५८० वरून ५९० वर उडी मारतो व नागपूर दोन्हीकडे फाटल्यासारखे ऐकू येते. संचाच्या पाठीमागे किंवा आतल्या यादीत ९ व १० ची निवड असते. ती ९ वर ठेवावी.

नवा संच घेताना

आज मिळणाऱ्या ब्लूटूथ व पेनड्राइव्हच्या लहान संचांत फेराइट कांडी बोटभर असते व संचातील इतर मंडलेच तिच्याजवळ गोंगाट करीत असतात. जुन्या मोठ्या संचातील वीतभर कांडी याहून किती तरी सरस. तेव्हा माळ्यावर पडलेला जुना संच मोडीत देण्यापूर्वी दुरुस्तीस न्यावा. बहुधा सेलच्या कप्प्यातील गंज, आवाजाच्या खुंटीतील धूळ आणि वाळलेले एक-दोन कंडेन्सर एवढाच त्याचा आजार असतो. पडून कांडी दुभंगली असेल तर ती तेवढ्याच लांबीची नवी किंवा जुन्या संचातील बसवून घ्यावी व कारागिराकडून वेटोळे ५८५ च्या आसपास पुन्हा जुळवून घ्यावे. नुसते तुकडे चिकटविल्याने पूर्वीची ग्रहणशक्ती पूर्णपणे येत नाही. नवा घ्यावयाचाच असेल तर दुकानात एफ.एम. ऐकून पसंत करू नये. सेल घालून तो दुकानाबाहेर, रस्त्याच्या मोकळ्या बाजूस न्यावा, मध्यम लहरीवर लावावा आणि सावकाश एक पूर्ण फेरा फिरवावा. फिरविताना दोन ठिकाणी आवाज स्पष्ट उतरत असेल, तर त्याची कांडी व वेटोळे ठीक आहेत. कोठेही फरक पडत नसेल, तर तो संच मध्यम लहरीसाठी घेऊ नये.